दहा वर्षांच्या पोरीसाठी जादूची पुस्तकं सुचवा (तात्पर्य नसलेली!)

प्रतापनगर_तिसरा_मजला | ४ मे, दुपारी १:४०

नमस्कार मंडळी. कन्येची पाचवी संपली. नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. पारा ४५ला टेकलाय, अकरा ते सहा घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. वरचा मजला, गच्ची तापलेली. कूलरसमोर चटई टाकून पोरीने हॅरी पॉटरचे पहिले तीन भाग मराठीतून दोनदा वाचून काढले. आता म्हणते, 'अजून जादूचं आण.'

मी आपला उत्साहाने बर्डीवर गेलो आणि बोधकथांचा एक संच घेऊन आलो. दोन गोष्टी वाचून तिने तो परत माझ्या हातात ठेवला आणि अटी सांगितल्या. तिच्याच शब्दांत देतो:

'शेवटी तात्पर्य नको. राजकन्येला कुणीतरी सोडवायला येतं ते नको. आणि जादू चुकली पाहिजे. नेहमी बरोबरच आली तर मग मजा काय?'

मराठी सरसर वाचते. इंग्रजी वाचते, पण अडखळत. हिंदी टीव्हीच्या कृपेने फर्मास. सुचवा.

उंटखान्याचा_युवराज | दुपारी १:५२

हॅरीचे अजून चार भाग आहेत की. धागा बंद करा.

प्रतापनगर_तिसरा_मजला | दुपारी २:०५

युवराज, चौथ्याच्या शेवटी काय होतं ते मला माहीत आहे. एक वर्ष थांबावं म्हणतो.

उंटखान्याचा_युवराज | दुपारी २:०७

म्हणजे ती तो चोरून वाचणार, एवढंच.

बर्डीची_बाई | दुपारी ३:३०

मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे बोधकथांच्या संचांविषयी मनात फार साचलं आहे. ते पुन्हा कधी.

'हॉबिट' घ्या. मराठी अनुवाद मिळतो. १९३७चं पुस्तक. त्याची एक हकिकत मी वर्गात दरवर्षी सांगते. छापण्याआधी प्रकाशकाने हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. असा अभिप्राय लिहिला की त्याला एक शिलिंग मिळायचा. पठ्ठ्याने लिहिलं की पुस्तक चांगलं आहे, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. स्वतः दहाचा! म्हणजे 'मी मोठा झालो, हे लहानांचं' असा थाट. पण त्याच्या त्या चिठ्ठीवर पुस्तक निघालं.

जादू बेताची आहे, पण एक अंगठी आहे, आणि नायक घाबरट आहे, त्याला घरचा चहा आणि फराळ सोडवत नाही. एक सूचना: सुरुवात तुम्ही मोठ्याने वाचा. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी दुपारी लाईट गेले, कूलर बंद, घामाच्या धारा. मी माझ्या मुलाला अंधारातल्या कोड्यांचं प्रकरण वाचून दाखवायला घेतलं. त्यात नायक आणि एक विचित्र प्राणी जिवाच्या पैजेवर कोडी घालतात. शेजारची दोन मुलं दारात येऊन उभी राहिली, मग आत येऊन बसली. लाईट आले तेव्हा कुणी उठून कूलर लावेना. मीच लावला. मला उकडत होतं.

तर्री_जास्त | दुपारी ४:१५

काऊन भाऊ, पोट्टीले चांदोबा नाही दाखवला का अजून? आमच्या इतवारीच्या घरी माळ्यावर दोन ट्रंका भरून होते. आजोबा दर महिन्याले आणत. विक्रम-वेताळचं ते शंकर नावाच्या चित्रकाराचं चित्र आठवते का? उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, मागे वाकड्या फांद्या. रात्री मोरीत जायचं तं मी बहिणीले दाराशी उभी करत होतो.

अन् तात्पर्याचं म्हणाल तं वेताळ तात्पर्य सांगत नाही, प्रश्न विचारते. उत्तर येत असून गप्प राहिला तं डोक्याची शंभर शकलं, बोलला तं वेताळ पुन्हा झाडावर. राजा दर वेळी हरते अन् दर वेळी परत जाते. पोट्टीची तिसरी अट पुरी झाली का नाही?

गच्चीवरची | दुपारी ४:२०

ट्रंका 'होते' म्हणजे आता नाहीत?

तर्री_जास्त | दुपारी ४:२६

वाळवी. त्याच्यावर नको बोलू.

नीरक्षीर | संध्याकाळी ६:१०

वेताळाचा विषय निघालाच आहे, तर मुळापर्यंत जाऊ. वेताळाच्या पंचवीस गोष्टी 'कथासरित्सागरा'त आहेत. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने तो राणी सूर्यवतीसाठी रचला. तिथे राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे. दुर्गाबाई भागवतांचा मराठी अनुवाद आहे, पण थांबा, पोरीच्या हातात देऊ नका. त्यातल्या बऱ्याच गोष्टी मोठ्यांच्या आहेत. स्वतः वाचा आणि निवडून सांगा.

सुरुवात गुणाढ्याच्या गोष्टीने करा, कारण ती आपल्याच मुलखातली, सातवाहनांच्या प्रतिष्ठानची, म्हणजे पैठणची. गुणाढ्य पैशाची भाषेत सात लाख श्लोक लिहितो, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजा म्हणतो, ही कसली पिशाचांची भाषा, नको. मग गुणाढ्य रानात अग्निकुंड पेटवतो, एकेक पान मोठ्याने वाचतो आणि आगीत टाकतो. भोवती हरणं, रानडुकरं, सगळे प्राणी चरायचं सोडून ऐकत उभे. डोळ्यांत पाणी. तिकडे राजा आजारी पडतो. वैद्य म्हणतो, मुदपाकखान्यात येणारं मांस सुकं, निकस आहे. व्याध म्हणतात, प्राणी खातच नाहीत, गोष्टी ऐकत बसलेत. राजा धावत येतो, तोवर सहा लाख जळून गेलेले. उरलेल्या एका लाखाची बृहत्कथा.

जगात पुस्तकाचं इतकं सुंदर परीक्षण दुसरं झालं नसेल. राजाला कळलं नाही, डुकरांना कळलं.

उंटखान्याचा_युवराज | संध्याकाळी ६:१८

म्हणजे वाचकांच्या अभिप्रायाला तेव्हाही उशीरच व्हायचा.

तर्कटकाका | रात्री ८:०५

मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक. विरजण घालतो, राग मानू नका. राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो उगाच नाही. वस्तीत अजून लिंबू-मिरची, उतारे, करणी चालू आहेत. आणि आपण मुलांना मंत्र, भुतं, चेटकिणी देतोय. त्यापेक्षा नारळीकर द्या. 'यक्षांची देणगी' द्या. त्यातही अद्भुत आहे, पण त्याला कारण असतं.

तर्री_जास्त | रात्री ८:११

काका, हॅरीवर कोणतं कलम लागते?

फुटाळा_संध्याकाळ | रात्री ८:४०

काका, नारळीकरांना माझाही नमस्कार. पण एक सांगते. मी आठ वर्षांची असताना झाडूवर बसून ओट्यावरून उडी मारली होती. गुडघा फुटला, टाके पडले. त्या दिवसापासून मला गुरुत्वाकर्षण पक्कं ठाऊक आहे. आणि बुवाबाजीला आमच्या घरात बळी पडले ते काका-काकू. त्यांनी जन्मात जादूचं पुस्तक हातात धरलं नव्हतं. गोष्टीतली जादू पोरांना खोटी म्हणूनच आवडते हो. खोटं खोटं म्हणून कसं खेळायचं, ते त्यातून कळतं.

तर्कटकाका | रात्री ८:५८

गुडघ्याचा पुरावा ग्राह्य धरतो. नमुना एकच आहे, ही हरकत नोंदवून.

फुटाळा_संध्याकाळ | ५ मे, सकाळी ९:२०

काल यादी द्यायची राहिली. ही इंग्रजी आहे, पण तुम्ही शेजारी बसलात तर जमेल.

अर्सुला ल ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८. जादूगारांची शाळा आहे, हॅरीच्या एकोणतीस वर्षं आधीची. पोरगा हुशार आणि गर्विष्ठ. फुशारकीत एक मंत्र म्हणतो आणि नको ते सावलीसारखं काहीतरी जगात सुटतं. पुढे सगळं पुस्तक ते निस्तरण्यात जातं. जादू चुकणं याहून मोठं नाही. तिथे प्रत्येक वस्तूचं एक खरं नाव असतं, आणि ते कळलं तरच तिच्यावर जादू चालते. नायक गोरा नाही, सावळा-तांबूस आहे. मला बाराव्या वर्षी याचं फार अप्रूप वाटलं होतं. जरा गंभीर आहे, सावकाश घ्या.

डायना विन जोन्सचं 'हाउल्स मूव्हिंग कॅसल', १९८६. टोप्यांच्या दुकानात काम करणारी मुलगी, चेटकिणीच्या शापाने एका क्षणात नव्वद वर्षांची म्हातारी होते. रडत बसत नाही, सामान बांधून निघते. म्हातारी झाल्यावर तर तिची भीडच चेपते, कुणालाही सुनावते. दुसरी अट इथे पुरी.

मिशाएल एंडे यांचं 'मोमो' मूळ जर्मन, १९७३चं. करड्या कपड्यांतली माणसं लोकांचा वेळ चोरतात आणि एक अनाथ पोरगी तो परत आणते. हे बापानेही वाचावं. बापाने जास्त वाचावं.

गच्चीवरची | सकाळी १०:०५

सगळे जाड पुस्तकांच्या मागे का लागलात? दहा वर्षांच्या मुलांना नाटक द्या. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या'! चिंची चेटकीण! दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेली भूमिका. पोरं नाटक वाचत नाहीत, थेट करायलाच लागतात. मागच्या मे महिन्यात आमच्या बिल्डिंगमध्ये सात पोरांनी संध्याकाळी साडेसातनंतर गच्चीवर पाणी शिंपडून तालमी केल्या. चेटकीण व्हायला चौघी तयार, राजकन्या व्हायला एकही नाही. शेवटी राजकन्येचं काम सहा वर्षांच्या एका मुलाला दिलं. तो खूश, कारण त्याला मुकुट मिळाला.

आणि विंदा करंदीकरांचं 'एटू लोकांचा देश' विसरू नका. कविता आहेत, पण तो आख्खा देशच उलटा-पालटा आहे. मोठ्याने म्हणायचं.

बर्डीची_बाई | सकाळी १०:३०

विंदांना दहा वेळा अनुमोदन. यावरून भा. रा. भागवतांचं 'जाईची नवलकहाणी' आठवलं. 'अॅलिस'चं मराठी रूप. अॅलिस म्हणजे निम्मा शब्दांचाच खेळ. तो सरळ अनुवादात आणायला गेलं की मरतो. भागवतांनी तिला मराठी घरातली जाई केली, म्हणून ती वाचली. दोन्ही अर्थांनी.

उंटखान्याचा_युवराज | सकाळी १०:४१

बाईंनी कोटी केली. पाऊस पडणार.

तर्री_जास्त | सकाळी १०:४४

पडू दे गा. कूलरची टाकी भरून भरून पाठ गेली.

नीरक्षीर | सकाळी ११:१५

हिंदी चालत असेल तर देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' का नको? १८८८. तिलिस्म म्हणजे जादूच्या चकव्यांनी भरलेल्या जागा, ऐयार म्हणजे वेष पालटणारे चतुर हेर, शिवाय बेशुद्ध करणारी पूड. आपल्या नागपुरात अर्ध्या घरांत हिंदी आणि मराठी एकाच फळीवर असतात, त्याचा फायदा घ्यावा. आमच्या वडिलांकडे 'चंद्रकांता' आणि नाथमाधवांचं 'वीरधवल' शेजारी शेजारी होती, कव्हरं गेलेली. मी कितीतरी दिवस दोन्ही मिळून एकच पुस्तक समजत होतो.

आणि 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी'. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचं जुनं भाषांतर मुलांसाठी नव्हे, संक्षिप्त आवृत्ती बघा. गंमत अशी की अल्लाउद्दिन आणि अलीबाबा मूळ अरबी हस्तलिखितात नव्हतेच. हन्ना दियाब नावाच्या अलेप्पोच्या तरुणाने १७०९मध्ये पॅरिसला गालां या फ्रेंच भाषांतरकाराला त्या सांगितल्या, त्याने त्या घुसवल्या. म्हणजे सगळ्यात गाजलेल्या गोष्टी कुणाच्या तरी तोंडून आलेल्या.

प्रतापनगर_तिसरा_मजला | दुपारी १२:२०

भरपूर झालं, धन्यवाद! आज सकाळी एका वाचनालयात जाऊन आलो. नाव घेत नाही. बालविभागाच्या कपाटाला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे असते ते लग्नाला गेलेत, दहा तारखेला येतील. काचेतून बघितलं, आत एक जाडं पुस्तक 'माझ्याकडे ये' असं म्हणत होतं. कन्या म्हणाली, 'बाबा, अलोहोमोरा म्हणून बघ.' बघितलं. नाही उघडलं.

तर्कटकाका | दुपारी १२:२६

हा खरा प्रयोग. निष्कर्ष नोंदवला.

सालेकसा_लोकल | रात्री ९:५०

मी नोकरीसाठी नागपुरात, गाव गोंदिया जिल्ह्यात. रोज वाचून राहिलो होतो, आज लिहितो.

सगळ्यांनी काश्मीर, अरबस्तान, इंग्लंड फिरवून आणलं. नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहने, पण गोंडांची एकही गोष्ट इथे आली नाही. तक्रार नाही, आठवण करून देतो.

आमच्या तालुक्यात कचारगड आहे. दरेकसा स्टेशनवर उतरायचं, मग जंगलातून वर. भलीमोठी गुहा आहे. माघ पौर्णिमेला जत्रा भरते, दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात. आमच्याकडे सांगतात ती गोष्ट अशी. तेहतीस पोरं होती, कली कंकालीची. फार खोडकर. आश्रमात इतका दंगा की शेवटी त्यांना त्या गुहेत कोंडलं आणि तोंडावर प्रचंड शिळा लावली. पोरं आत अंधारात. आई बाहेर रडून रडून थकली. कुणाला शिळा हलेना. मग गोंडांचे आद्य गुरू पारी कुपार लिंगो आणि देवी जंगो रायताड यांनी मनावर घेतलं. त्यांनी तलवार आणली नाही, मंत्र म्हटला नाही. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाला बोलावलं. त्याने गुहेबाहेर किंगरी वाजवायला सुरुवात केली. आत पोरांच्या अंगात असं बळ आलं की त्यांनी आतून शिळेला रेटा दिला.

म्हणजे कुणी सोडवायला आलं नाही म्हणा, किंवा आलं म्हणा. शिळा पोरांनीच ढकलली.

मी लहानपणी आजीकडून ऐकली ती हीच. छापील पुस्तकं मोठ्यांसाठीची पाहिली आहेत, दहा वर्षांच्या पोरीच्या हाती देण्यासारखं माझ्या पाहण्यात नाही.

बर्डीची_बाई | रात्री १०:१५

हे वाचून दोन मिनिटं स्क्रीनकडे नुसती बघत बसले. चौदा वर्षं शिकवतेय, सहलीला रामटेकला जातो, यक्षाचा शाप आणि मेघदूत सांगतो. कचारगडचं नाव मुलांसमोर एकदाही घेतलं नाही.

गच्चीवरची | रात्री १०:३२

आणि मारबत? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुलं लाकडी नंदी सजवतात आणि तिकडे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे भलेमोठे पुतळे, मिरवणुकीने रस्त्यावर निघतात. मी पाच वर्षांची असताना आजोबांच्या खांद्यावरून पाहिली होती. एवढी मोठी बाई गर्दीवरून डुलत येतेय आणि सगळे ओरडतायत, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! मला वाटलं होतं ती खरंच ऐकतेय. ही गावात राहणारी पोरं कुठल्या ड्रॅगनला घाबरणार?

तर्री_जास्त | रात्री १०:४०

म्या तं अजूनही दरवर्षी वाळवीचं नाव ओरडतो.

प्रतापनगर_तिसरा_मजला | २७ मे, दुपारी ३:१०

हिशोब द्यायला आलो.

'हॉबिट' सुरू केलं. पहिलं प्रकरण काही संपेना. तेरा बुटके एकामागून एक येतात, खातात, अजून मागतात. पोरगी म्हणाली, 'हे दिवाळीत आत्याकडचे येतात तसे आहेत.' (आत्या हा धागा वाचत नाही, अशी आशा.) मग बाईंचा सल्ला ऐकून मी मोठ्याने वाचायला घेतलं. कोड्यांच्या प्रकरणाला आमची आई, म्हणजे तिची आजी, आतून भाजी निवडत ऐकत होती. मध्येच म्हणाली, यात काय विशेष, हे सोडवा: पाऊस नाही, पाणी नाही, रान कसं हिरवं? कात नाही, चुना नाही, तोंड कसं रंगलं? झालं, पुस्तक राहिलं बाजूला. दोन दिवस घरात नुसती कोडी. चौथ्या दिवशी पुन्हा पुस्तकाकडे आलो. आता शेवटाला पोचलोय.

'मोमो' मी वाचलं. ऑफिसच्या रजेचा अर्ज टाकला आहे. फुटाळाताई, तुमच्यावर बिल पाठवतो.

'अर्थसी' सध्या जड जातंय, कपाटात ठेवलं. चांदोबाचे चार जुने अंक बर्डीवर मिळाले. तिसऱ्या अंकापासून ती वेताळाच्या प्रश्नाला उत्तर वाचण्याआधी स्वतः उत्तर देते आणि राजा चुकला म्हणून वाद घालते.

पण तिने सगळ्यात जास्त वेळा ऐकली ती सालेकसावाल्यांची गोष्ट. मी फक्त फोनवरून वाचून दाखवली होती. पुस्तक नाही म्हटल्यावर नाराज. आणि एक प्रश्न आहे, तिने लिहायलाच लावला: शिळा आतून ढकलली तर ती बाहेर पडणार. बाहेर तर तो किंगरीवाला बसला होता. मग त्याचं काय झालं?

सालेकसा_लोकल | रात्री ९:३५

दादा, मी तिथेच थांबलो होतो मुद्दाम. आजीही तिथेच थांबायची, आणि मग मी विचारायचो.

तो शिळेखाली गेला. पोरं बाहेर आली तेव्हा किंगरी बंद झालेली होती.

तिला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी नऊ वर्षांचा होतो, मला सांगितलं होतं. माघात या कचारगडला, ती जागा दाखवतो. आणि जशी ऐकली तशी सगळी गोष्ट लिहायला बसलोय, रविवारी पहिला भाग इथेच टाकतो. शुद्धलेखन बाईंनी बघावं.

बर्डीची_बाई | रात्री ९:४१

शुद्धलेखन मी बघते. भाषेला हात लावणार नाही.

प्रतापनगर_तिसरा_मजला | रात्री १०:२०

सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'त्याला माहीत होतं का, शिळा पडणार म्हणून?' मी म्हटलं, रविवारी विचारू.

उंटखान्याचा_युवराज | रात्री १०:२४

आजीच्या कोड्याचं उत्तर पोपट. आणि भाऊ, आता हॅरीचा चौथा द्या तिला.